बाळंतपणाची वही

१

गुरुवारी सकाळी आठ वाजता वाली न्दूरने दवाखान्याचं कपाट उघडलं. बाळंतपणाची वही जागेवर नव्हती.

लसीकरणाची वही होती, औषधांची होती, मलेरियाच्या तपासण्यांची तर दोन-दोन होत्या. गेली ती नेमकी एकच. लाल पुठ्ठ्याची, जाडजूड, दोनदा शिवून घेतलेली. वीस वर्षांत कासिलेंग गावात जन्मलेलं झाडून सगळं पोरगं तिच्यात होतं. पहिलं पान हिल्डा प्रॉक्टर नावाच्या इंग्लिश बाईने स्वतः लिहिलं होतं. दवाखाना उघडला त्या दिवशी तीच नर्स, तीच झाडूवाली आणि तीच कारकून होती.

वाली दवाखान्याचा नर्स. त्याने कुणाला काही सांगायच्या आत गावभर झालं, आणि लोकांनी जे नेहमी करायचं तेच केलं. रामाता जारजूंना बोलावून आणलं. चौतीस वर्षं शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. गावात अर्ध्याअधिक लोकांनी त्यांच्या हातची छडी खाल्लेली. त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. बाई म्हटलं की त्याच. वेल्डरबी हे तिकडचं इंग्लिश गाव आणि इकडचं कासिलेंग, या दोघांना जोडणारं जे मैत्री मंडळ होतं, त्याच्या इकडच्या बाजूच्या अध्यक्षही त्याच. दवाखाना त्या मंडळाचा, औषधं त्यांची, दवाखान्याची गाडीही वेल्डरबीच्या लोकांनी जहाजाने पाठवलेली.

बाईंनी कपाट पाहिलं. कुलूप शाबूत होतं. पण त्यात काही अर्थ नव्हता, कारण किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असे आणि ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"सोमवारी सोन्कोसाहेब येणार," वाली म्हणाला. "वही मागतील."

जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीतले सोन्कोसाहेब येणार होते ते मायमूना सान्यांगच्या मुलासाठी. तीन आठवड्यांपूर्वी तिचं पहिलं मूल जन्मलं आणि दुपारपर्यंत गेलं. नर्सने हयगय केली, अशी तक्रार मायमूनाच्या दिराने शहरातून केली होती. चौकशीला लागणार होतं वहीतलं त्या दिवसाचं पान. पान नाही म्हणजे वालीने काहीतरी लपवलं, असाच अर्थ निघणार. वालीची नोकरी जाणार, आणि नर्स नसलेला दवाखाना कचेरी एक दिवसही उघडा ठेवणार नाही. त्याच्यापुढचं इस्पितळ चाळीस किलोमीटरवर.

दारात डेरेक पिम उभे होते. वेल्डरबीकडचे नवे अध्यक्ष. जन्मभर इमारतींची तपासणी केलेला माणूस, भिंत पाहिली की तडा शोधणार. बाकीचे पाहुणे हिल्डाबरोबर बुधवारी सकाळीच परत गेले होते. हे एकटे मंगळवारपर्यंत राहणार होते.

"शोधायची गरज नाही," ते म्हणाले. "वही कोणी घेतली ते मला माहीत आहे. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

२

बाईंनी त्यांना काजूच्या झाडाखाली बसवलं आणि बोलू दिलं.

मंगळवारी दुपारी दवाखान्याच्या मागे सेकू बाजी आणि वाली चहा उकळत बसले होते. सेकू म्हणजे दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर, आणि मंडळाचा सेक्रेटरीही. वाली येताच सेकू मोठ्याने म्हणाला, आला माझा गुलाम, चोर कुठला, आज काय चोरून आणलंस? भाताचं पातेलं पुन्हा एकटाच गिळून बसलास ना? डेरेकसाहेबांचं म्हणणं असं, की हे इंग्रजीतून, चार पाहुण्यांच्या देखत, तोंडावर बोललं गेलं, आणि वालीने ते नाकारलं नाही. तो नुसता हसला. साहेबांनी तिथल्या तिथे ते टिपून घेतलं होतं, तारीख-वेळेसकट. वेल्डरबीच्या मंडळाला पाठवायचं पत्रही लिहून तयार होतं. त्यात शेवटी लिहिलं होतं, की असल्या माणसाच्या हाती दवाखाना देता येणार नाही.

सकाळपासून पहिल्यांदा बाईंना हसू आलं.

"साहेब, सेकू जोला आहे. वाली सेरेर."

"मग?"

मग काय, आता याला कसं समजवायचं. जोला आणि सेरेर या इकडच्या दोन जमाती, एकमेकांचे सनावू, थट्टेचे सोयरे. पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं. भेटल्याबरोबर एकमेकांना चोर, खादाड, गुलाम म्हणायचं, ताटातला घास पळवायचा, मयताला गेलं तरी तिथेही टोमणा मारून रडणाऱ्याला हसवायचं. रागवायची परवानगी कुणालाच नाही. सगळं चालतं, एकच चालत नाही. सनावूचं वाईट करायचं नाही. त्याच्या अंगावर हात टाकायचा नाही, त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची नाही, आपल्यामुळे त्याच्यावर संकट येऊ द्यायचं नाही. ते पाप फिरून आपल्याच घरात येतं असं मानतात. सेकूने पाहुण्यांनाही मजा यावी म्हणून इंग्रजीत शिव्या दिल्या, एवढीच त्याची चूक.

डेरेकसाहेबांना ते सगळं पटलं असं नाही. माणूस वाईट नव्हता, पण एकदा लिहिलेलं खोडायला त्यांना जड जाई. त्यांनी आपल्या टिपणवहीचं पान उलटलं.

"ठीक आहे, ती तुमची थट्टा. आणि बुधवारचं? निरोपाला सगळा गाव डावा हात पुढे करतो, हीपण थट्टाच? बिचारी हिल्डा. एकेकाचा उजवा हात मागून घेऊन हस्तांदोलन करत होती. मला तर लाज वाटली."

बाईंनी तेही समजावून सांगितलं. लांब जाणाऱ्याला डावा हात द्यायचा असतो. डावा हात देणं चूक, म्हणून तर द्यायचा. ती चूक दुरुस्त करायला माणसाला परत यावंच लागतं. वीस वर्षं हिल्डा दर हिवाळ्यात येते आणि जाताना सगळ्यांना डावा हात देऊन जाते. अपमान कसला त्यात.

हे सांगताना बाईंचं लक्ष दवाखान्याकडे होतं. दारात बायकांची रांग लागली होती आणि वाली आत जात नव्हता. म्हणून साहेबांच्या तोंडून आत्ताच काय निघून गेलं, ते त्यांच्या ध्यानात आलंच नाही.

३

"त्या पानावर तू काय लिहिलं होतंस?" बाईंनी वालीला विचारलं.

"जे झालं ते."

"काय झालं होतं?"

वालीने मान खाली घातली. "बाई, ते मी वहीत लिहिलं. माझ्या तोंडून निघणार नाही."

"नोकरी जाईल रे तुझी."

"जाऊ दे."

बाईंनी त्याला तासभर खोदून पाहिलं. शाळेत असताना या बाईंपुढे भलेभले पोपटासारखे बोलत, पण वाली शाळेतला नव्हता, बाहेरून नेमणूक होऊन आलेला, आणि चाळिशी उलटलेला. तो एवढंच म्हणे की त्या सकाळी त्याने मायमूनाला तपासलं, मूल आडवं आहे हे ओळखलं आणि नऊ वाजता गाढवगाडीवर घालून इस्पितळाकडे रवाना केलं. आपल्या हातून कसूर झाली नाही. पुढचं विचारू नका.

बाई विचार करत बसल्या. वालीनेच वही लपवली म्हणावं, तर त्यात कुठेच मेळ बसत नव्हता. लिहिणारा तोच. नको ते पान फाडून नवं लिहायला त्याला तीन आठवडे मोकळे होते. मग घेणारा कोण? बाकीच्या वह्यांना हात न लावता नेमकी तीच उचलली, म्हणजे इंग्रजी वाचता येणारा. गावात असे मोजके, त्यात त्या स्वतःही आल्या. आणि एक पान गायब करायचं असताना अख्खी वही नेली, म्हणजे तिच्यातलं पान फाडायला ज्याचा हात धजला नाही असा कोणीतरी.

इतक्यात सेकू गाडी लावून आला. बायकांच्या रांगेला सलाम करत दारापर्यंत आला, वालीला पाहिलं आणि थबकला.

"न्दूरसाहेब," तो हळूच म्हणाला, "बसा ना. सकाळपासून उभे आहात. तुम्हाला पाणी आणून देऊ का?"

वालीनेही नम्रपणे आभार मानले.

जन्मात कधी सेकूने या माणसाला साहेब म्हटलं नव्हतं. वालीची आई वारली त्या दिवशीसुद्धा तो, एक गुलाम कमी झाला, म्हणून ओरडत आला होता, आणि वाली त्याच्या गळ्यात पडून हसता हसता रडला होता. आज मात्र दोघं एकमेकांशी दोन परक्या माणसांसारखं बोलत होते.

४

शनिवारी बाईंनी सेकूला घरी बोलावलं, शेंगदाण्याच्या रश्शाबरोबर भात वाढला आणि तो जेवेपर्यंत एक शब्द काढला नाही. तो नीट जेवलाच नाही.

वही तू घेतलीस का, असं विचारल्यावर त्याने कुराणाची शपथ घेतली. कोणी घेतली ते माहीत आहे का, यावर शपथ घेतली नाही. पाहुण्यांना विमानतळावर सोडलं, सामान उतरवलं, परत आलो, एवढंच घोकत राहिला. मग बाईंनी वेगळ्या बाजूने विचारलं.

"मायमूनाचं मूल गेलं त्या सकाळी तू कुठे होतास? तिला गाढवगाडी का लागली? गाडी कुठे होती?"

सेकूने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पाहुण्यांना आणायला गेली होती, बाई. तुम्हीच पाठवली होतीत."

तो गेल्यावर बाईंनी त्याचं अर्धवट ताट उचललं. खरंच, त्यांनीच पाठवली होती. दरवर्षीच पाठवत. पाहुणे आदल्या दिवशी विमानाने उतरत, किनाऱ्यावर मुक्काम करत आणि सकाळी दवाखान्याची गाडी त्यांना घेऊन येई. इकडे ढोल, नाच, बायका डोईची फडकी सोडून हवेत फिरवत सामोऱ्या जात. यंदाही तसंच झालं. मूल गेल्याचं बाईंना दुसऱ्या दिवशी कळलं. पाहुण्यांच्या आनंदात विरजण नको म्हणून कुणी बोललंच नाही, आणि गाडीचं तर कुणीच काढलं नाही. बाईंनीच पाठवलेल्या गाडीचं बाईंना काय सांगायचं? स्वतःच्या या अडाणीपणाची त्यांना भयंकर चीड आली.

म्हणजे पानावर गाडीचा उल्लेख होता. तो वाचून लाज कुणाला वाटेल? सेकूला वाटेल. बाईंना वाटेल. आणि गाडीत बसून आले त्यांना. डेरेकसाहेबांना ती वाटलेली दिसत नव्हती, त्यांनी ती वही कधी उघडलीच नसावी.

आणि मग साहेबांचंच वाक्य त्यांना आठवलं. हिल्डा एकेकाचा उजवा हात मागून घेत होती.

बाईंशी तिने हात मिळवलाच नव्हता. गळ्यात पडली होती, नेहमीपेक्षा जास्त वेळ. म्हणून बाईंच्या लक्षात आलं नव्हतं. वीस वर्षं जी बाई डावा हात देऊन परत येण्याचं वचन देत होती, तिने यंदा लोकांनी पुढे केलेला डावा हात नाकारला. अजाणता नव्हे. तिला या हाताचा अर्थ डेरेकसाहेबांसारखा शिकवावा लागत नव्हता. खोटं वचन द्यायचं नाही म्हणून तिने उजवा दिला. पुन्हा या गावाला तोंड दाखवायचं नाही, हे तिने बुधवारच्या आतच ठरवलं होतं.

रविवारी दुपारी बाईंनी वेल्डरबीला फोन लावला. ख्यालीखुशाली विचारली नाही.

"हिल्डा, वही तुझ्याकडे आहे ना?"

"आहे," हिल्डा म्हणाली.

"तुझ्यामुळे वालीची नोकरी चाललीय," बाई म्हणाल्या. "त्याने अजून तोंड उघडलेलं नाही. काय लिहिलंय त्यात, सांग मला."

"उद्या वाचेन," हिल्डा म्हणाली. "सगळ्यांसमोर. आज माझ्याच्याने नाही वाचवणार."

५

सोमवारी दवाखान्याच्या अंगणात सतरंज्या घातल्या. सोन्कोसाहेब खुर्चीवर, शेजारी डेरेकसाहेब, समोर गाव. मायमूना सासूजवळ बसली होती. बाळंतिणीच्या अंगात अजून रक्त दिसत नव्हतं.

बाईंनी सगळं थोडक्यात मांडलं. वालीने वही चोरली नाही, कारण त्याला चोरायची गरज नव्हती. अख्खी वही अशा माणसाने नेली ज्याला तिचं पान फाडवलं नाही. सेकूला ते ठाऊक होतं. हिल्डाची बॅग गाडीत चढवताना लाल पुठ्ठा त्याने पाहिला होता, हे त्याने आज सकाळी कबूल केलं. तो गप्प राहिला, कारण त्या पानात तो स्वतःही होता. आपल्या गप्प राहण्याने सनावू बुडतोय हे दिसत असूनही गप्प राहिला, म्हणूनच त्याच्या तोंडून शिवी निघेना. आणि वाली गप्प राहिला, कारण बोलला असता तर सेकू बुडाला असता.

"म्हणजे दोघंही एकमेकांसाठी?" सोन्कोसाहेबांनी विचारलं.

"वाली सेकूसाठी. सेकू स्वतःसाठी," बाई म्हणाल्या. "पण त्याला ते सोसवत नव्हतं."

सेकू मान खाली घालून ऐकत होता. बाईंनी हिल्डाला फोन लावला आणि आवाज मोठा करून तो औषधांच्या पेटीवर ठेवला. हिल्डा इंग्रजीत वाचू लागली, आणि बाई वाक्यावाक्याला जोला भाषेत सांगू लागल्या.

"मायमूना सान्यांग, वय एकोणीस. मूल आडवं. गाडी नाही, पाहुण्यांना आणायला गेली आहे. नऊ वाजता गाढवगाडीवर पाठवली. दहाच्या सुमारास तांबड्या रस्त्यावर समोरून दवाखान्याची गाडी आली. सासूने डोईचं फडकं सोडून हलवलं. गाढवगाडीवाल्यानेही हात केले. दवाखान्याची गाडी थांबली नाही. गावात पोचताच तीच गाडी मायमूनाच्या मागे उलट पाठवली. मूल रस्त्यात जन्मलं. दुपारी बारा वाजता गेलं. मुलगा."

दूर विहिरीवर बादली आपटल्याचं ऐकू आलं.

"मी पुढे बसले होते," हिल्डा म्हणाली. आता ती वाचत नव्हती. "काचा बंद होत्या, धूळ होती. फडकं फिरवणारी म्हातारी मला दिसली. वीस वर्षं बायका आम्हाला फडकी फिरवतच सामोऱ्या येतात. मी सेकूला म्हटलं, बघ, किती लांबून आलेत आपल्याला सामोरे. आणि मी खिडकीतून हात केला. मी हसले, रामाता. मंगळवारी सहज वही चाळायला घेतली तेव्हा मला कळलं मी कुणाला हात केला ते."

हे इंग्रजीत काय, जोलात काय, कुठल्याच भाषेत सांगणं सोपं नव्हतं. पण बाईंनी एक शब्द गाळला नाही, आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं, की गाडी पाठवायचा निरोप माझा होता. सासू डोईचं फडकं तोंडाशी धरून बसली होती. डेरेकसाहेबांनी खिशातून ते लिहिलेलं पत्र काढलं, थोडा वेळ पाहिलं आणि फाडून टाकलं.

सोन्कोसाहेबांनी कागदावर लिहून घेतलं, की नर्सचा दोष नाही. मग नियमाप्रमाणे मायमूनाला विचारलं, तुला काही म्हणायचंय का. इतक्या दिवसांत तिला हे कुणीच विचारलं नव्हतं.

ती फोनकडे पाहत होती.

"त्या बाई काय म्हणतात? वही परत देणार?"

बाईंनी विचारलं. हिल्डा म्हणाली, टपालाने पाठवते, उद्याच. मग थांबून म्हणाली, की तिला स्वतः आणून द्यायची आहे, पण कासिलेंगमध्ये पाय ठेवायचा आता तिला हक्क नाही.

"येऊ दे त्यांना," मायमूना म्हणाली. "वही त्यांनीच नेली, त्यांनीच आणावी. पण आणायला गाडी पाठवू नका. गाडी इथेच राहू दे."

बाईंनी ते जसंच्या तसं सांगितलं. मऊ केलं नाही.

मग हिल्डाने विचारलं, की मोठ्या रस्त्यावर बसमधून उतरल्यावर गावापर्यंत चालत किती वेळ लागतो. वीस वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. बाई उत्तर द्यायला गेल्या, पण त्याआधीच मायमूना बोलली.

"तीन तास," ती म्हणाली. "त्यांना सांगा, सकाळी लवकर निघा, म्हणजे ऊन लागणार नाही."